एकोणीसशे एकोणीसचा पुरावा

पहिलं महायुद्ध १९१८ साली संपलं नाही, १९१९ साली संपलं, हे मी सिद्ध करून दाखवलं आणि त्यापायी माझ्याच वर्गातल्या एका बाईंची नोकरी घालवली. अकरा पानं लिहिली, सोबत एक फोटो जोडला. मला हे कोणी करायला सांगितलं नव्हतं.

मी इतिहास शिकवतो असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॉलेज येतं. मीही ते येऊ देतो. खरं म्हणजे नाशिकला अशोक स्तंभाकडून आत वळलं की चष्म्यांच्या एका दुकानाच्या वर आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे, आणि तिथे मी जगाचा इतिहास चार पर्यायांत शिकवतो. या परीक्षा मी स्वतः सहा वर्षं दिल्या आणि सहाही वर्षं पडलो. मूळचा नामपूरचा. परत गावी जाऊन वडिलांच्या कांद्याच्या चाळीत उभं राहायची हिंमत नव्हती, म्हणून ज्या क्लासात शिकत होतो तिथेच खडू हातात घेतला. नापास झालेल्या माणसाला सगळ्या चुका पाठ असतात, म्हणून तो शिकवायला चांगला, असं आमचे मालक पालकांना सांगतात. माझ्यासमोर सांगतात.

फ्रान्सची राज्यक्रांती मी दीड तासात उरकतो. राजाचं डोकं पहिल्या अर्ध्या तासात उडायलाच पाहिजे. तिथे रेंगाळलो की पुढचा सम्राट मॉस्कोच्या बर्फात अडकतो आणि पेठकडची मुलं एसटीसाठी दप्तरं आवरायला लागतात. दोन-तीन बॅचच्या वह्यांत तो सम्राट अजून बर्फातच आहे, घरी परतलेलाच नाही.

अलीकडे मुलं फोनवर रोजच्या युद्धाच्या बातम्या बघत जिना चढतात. पडलेल्या इमारती, पांढऱ्या चादरींच्या रांगा. एकदा एकाने विचारलं, “सर, ह्यावर प्रश्न येईल का?” मी म्हटलं, “संपल्यावर येईल. चालू युद्धाचे चार पर्याय काढता येत नाहीत.” वर्ग हसला, मीही हसलो. घरी जाताना स्कूटरवर त्या वाक्याची मला लाज वाटली. पण संध्याकाळच्या बॅचला मी ते पुन्हा वापरलं, कारण सकाळच्या बॅचला चाललं होतं. माझं सगळं असंच आहे.

एकोणीसशे एकोणीसचंही तसंच झालं. सात-आठ वर्षांपूर्वी फळ्यावर पहिल्या महायुद्धाचा शेवट लिहिताना माझ्या हातून अठराच्या जागी एकोणीस पडलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने लगेच बोट वर केलं. साध्या माणसाने डस्टर उचललं असतं. मी खडू खाली ठेवला, हात पाठीमागे बांधले आणि विचारलं, “युद्ध संपतं म्हणजे नेमकं काय होतं?” हे विचारताना मला स्वतःला उत्तर माहीत नव्हतं. बोलता बोलता सुचत गेलं. नोव्हेंबर अठरामध्ये तोफा थांबल्या, पण तो नुसता शस्त्रसंधी होता. तहावर सह्या झाल्या पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, पॅरिसजवळच्या त्या आरशांच्या दालनात. सह्या होईपर्यंत कोणीही पुन्हा तोफेला बत्ती देऊ शकत होतं. म्हणून अठरा साली थांबलं, एकोणीस साली संपलं. वर्ग थक्क झाला. मीही झालो. त्या दिवसापासून ती चूक माझं तत्त्व झाली. दर बॅचला मी मुद्दाम फळ्यावर एकोणीस लिहायचो आणि कोणी बोट वर करतंय का याची वाट बघायचो.

त्या बाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना बेचाळीस पूर्ण झाली होती. बाकीची पोरं बावीस-चोवीसची. ती त्यांना ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणायला लागलो. माहेर निफाड तालुक्यातल्या एका गावातलं, बौद्ध कुटुंब. लग्नानंतर नाशिक रोडच्या एका कॉलनीत घर. एका सरकारी कार्यालयात त्या चौदा वर्षं कंत्राटी लिपिक होत्या. अकरा महिन्यांचा आदेश, मग एका दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. त्याच खात्यात कायम लिपिकांची भरती निघाली होती. निवड झाली तर ताई त्याच खुर्चीवर कायम होणार होत्या. नाही झाली, तर त्या खुर्चीवर निवडून आलेला दुसरा कोणी येणार आणि ताईंचा आदेश पुढे निघणार नव्हता. शिवाय ही शेवटची संधी. सगळी सवलत धरूनही त्रेचाळीस झालं की अर्ज भरता येत नाही. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी जिन्यात उभं राहून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

“सर, मला इतिहासाची आवडबिवड नाही,” असंही त्या म्हणाल्या होत्या. “तुमच्या विषयाचे किती प्रश्न येतात आणि कुठून येतात, तेवढं सांगा.”

साहजिकच मला त्या फारशा आवडल्या नाहीत.

ऑफिस सुटल्यावर यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या, डबा उघडून दोन घास खायच्या आणि मग लिहायला लागायच्या. त्या बॅचला मी फळ्यावर एकोणीस लिहिलं, पण कोणीच बोट वर केलं नाही. मोबाइलमुळे मुलांना आता काहीही खरं वाटतं. शेवटी मीच विषय काढला, आरशांचं दालन उभं केलं, सह्या केल्या. मागून ताईंचा आवाज आला.

“सर, पण पेपरात आलं तर अठराच लिहायचं ना?”

“ताई, जे सत्य आहे ते लिहायचं.”

“सत्य कळलं हो. पेपर काढणाऱ्याला काय माहीत आहे, ते विचारतेय.”

वर्ग हसला, आणि या वेळी तो माझ्यावर हसत होता. मी डस्टर आपटून पुढच्या मुद्द्यावर गेलो.

पण ताईंनी तो विषय डोक्यात ठेवला होता. माहेरी जाऊन आल्या, तास सुटल्यावर माझ्याजवळ आल्या आणि फोन पुढे धरला. “सर, तुमचं एकोणीस आमच्या गावात दगडावर आहे.” फोटो अंधुक होता. भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी, इंग्रजी अक्षरं. या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांतले इतके मेले. वर साल कोरलेलं, १९१४ ते १९१९. इंग्रज सरकारने अशा पाट्या बऱ्याच गावांत बसवल्या होत्या, हे मी वाचलं होतं. पाहिली एकही नव्हती.

“आमचे पणजोबा गेले होते ह्यातले,” ताई म्हणाल्या.

“वा,” मी म्हटलं. माझं लक्ष नऊच्या आकड्यावर होतं. माझ्या चुकीला संगमरवरी पुरावा मिळाला होता.

मग परीक्षा झाली आणि तो प्रश्न आला. पहिले महायुद्ध कोणत्या वर्षी संपले. पर्यायांत अठराही होतं, एकोणीसही होतं. चार-पाच दिवसांनी खात्याने पहिली उत्तरतालिका लावली. बरोबर उत्तर अठरा. दुसऱ्या दिवशी क्लासात आठ-दहा पोरं माझ्यावर चालून आली.

“सर, तुमच्यामुळे गेला हातातला प्रश्न.”

“आम्ही अठरावर गोल करत होतो, तुम्ही डोळ्यांसमोर आलात.”

मी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि विचारलं, एकोणीस कोणी कोणी लिहिलं. हात वर आले. ताईंचा नव्हता.

“मी अठरा लिहिलं, सर.”

“ताई, निदान गावच्या दगडाचा तरी मान ठेवायचा.”

सगळे हसले, ताईही हसल्या. त्या दिवशी त्यांना कशाचंही हसू येत होतं. तास सुटल्यावर त्या टेबलाशी आल्या. उत्तरतालिका समोर ठेवून त्यांनी दोनदा मोजलं होतं, नवऱ्याकडून एकदा मोजून घेतलं होतं. आपल्या प्रवर्गातल्या मुलांचे गुणही विचारून घेतले होते. “यादीत बसतेय असं वाटतंय, सर. एका प्रश्नाने, पण बसतेय.” मी म्हटलं, “अभिनंदन, ताई.” आणि मनात हरकतीचं पहिलं वाक्य जुळवत होतो.

हरकत म्हणजे काय ते सांगायला हवं. पहिली उत्तरतालिका लागली की थोडे दिवस खिडकी उघडी असते. ज्याला एखादं उत्तर चूक वाटतं त्याने पुराव्यासकट लिहून टाकायचं. पटलं तर खातं उत्तर बदलतं किंवा प्रश्नच रद्द करतं. परीक्षा देणाऱ्यासाठी ही सोय असते, पण आमच्या धंद्यात ती आखाड्यासारखी झाली आहे. कोणत्या सरांच्या किती हरकती मान्य झाल्या यावर पुढच्या बॅचचे प्रवेश ठरतात. समोरच्या गल्लीतल्या भूगोलाच्या सरांच्या पाच झाल्या होत्या. ते पानवाल्यालाही तो आकडा सांगायचे. माझी एकही नव्हती. म्हणजे मी लिहिल्या होत्या, झाली एकही नव्हती.

हरकत परीक्षार्थीच्या नावाने जावी लागते. पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, माझ्या लॉगिनवरून टाका. मी एकोणीसच लिहिलंय.” मोठा सालस मुलगा. त्याचा काही दोष नाही.

प्रश्न रद्द झाला की तो सगळ्यांसाठी जातो. ज्याचं चुकलं होतं त्याचं काही बिघडत नाही. ज्याचं बरोबर होतं त्याचा गुण जातो. हे गणित शाळेतल्या पोरालाही जमेल. मला जमलं नाही असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं, पण ते खरं नाही. मी त्या बाजूला बघितलंच नाही.

दगडाचा स्पष्ट फोटो हवा होता. ताईंना म्हटलं, “तुमच्या गावचा दगड बघून यायचंय.” कशासाठी ते सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, सांगायचं सुचलंच नाही. त्यांना फार बरं वाटलं. “आजवर कोणी मुद्दाम बघायला गेलं नाही, सर,” म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे चुलत्यांना फोन लावला. सर येतायत, चहा पाजा, ऊन लागलं तर घरात बसवा.

रविवारी सकाळी स्कूटर काढली. निफाडच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, त्यांतून औषध फवारणारे ट्रॅक्टर, नाकात तो वास. ताईंचे चुलते फाट्यावर उभे होते. सत्तरीचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट खास माझ्यासाठी इस्त्री केलेला. मला जुन्या चावडीपाशी घेऊन गेले. पाटीवर कुठल्याशा मोबाइल कंपनीचं पत्रक चिकटवलेलं होतं. त्यांनी ते नखाने खरवडून काढलं.

“नावं नाहीत?” मी विचारलं.

“नावं कशाला लिव्हतील? आकडा लिव्हला हेच लय झालं.”

मी रुमाल ओला करून पाटी पुसायला लागलो. म्हातारे शेजारी उभे राहून बोलत होते. मी ऐकत होतो असं वाटावं इतपत मान हलवत होतो.

“माझा आजा गेलता ह्यात. बसऱ्याला, तिकडं इराकात. तिथून जिता आला. पायात सरकारचे बूट व्हते. ह्या इथं, चावडीम्होरं आला, तर गावानं बूट काढाय लावले. काखंत मारून गेला घरला.”

“हो का,” मी म्हटलं. शेवटच्या नऊच्या पोटात चुना बसला होता, तो काडीने काढत होतो.

“पुढं आमच्या लोकांची ती पलटनच मोडली सरकारनं. लढाई व्हती तवर आमी लागत व्हतो. मंग हायेच आपलं, मेलेली जनावरं वढायची.”

“हा नऊ आता नीट दिसतोय का?”

म्हाताऱ्यांनी वाकून पाहिलं. “दिसतोय की.” मग माझ्याकडे पाहिलं. “तुमचं गाव कोनतं म्हनले, सर?”

“नामपूर.”

“मंग कांदा सोडून लढाया कशाला इकाय लागले?”

मी हसलो, फोटो काढले, त्यांच्या घरी चहा प्यालो आणि निघालो. जाताना त्यांनी स्कूटरला द्राक्षांची पिशवी अडकवली. घरी येऊन तीच द्राक्षं खात खात मी अकरा पानं लिहिली. शस्त्रसंधी आणि तह यांतला फरक, कायद्याच्या नजरेत युद्धाची समाप्ती, आणि परिशिष्टात दगड. त्या बुटांविषयी एक ओळही लिहिली नाही. मुद्द्यात बसत नव्हते.

हरकत टाकली आणि तिची प्रत क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लावली. मुलांनी अंगठ्यांचा नुसता पाऊस पाडला. थोड्या वेळाने ताईंचा संदेश आला. “सर, हा आमचा दगड आहे ना?”

मी लिहिलं, “होय ताई. तुमच्या गावाचं योगदान.” पुढे हात जोडलेले.

त्यावर त्यांचं काही उत्तर आलं नाही. त्या क्लासालाही येईनाशा झाल्या. परीक्षा झाली, आता कशाला येतील, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसरी उत्तरतालिका लागली. प्रश्न रद्द. मालकांनी अख्ख्या क्लासला मिसळ सांगितली. मी टेबलावर चढून बोललो. अठरा साली तोफा थांबल्या होत्या, आज युद्ध संपलं, असं काहीतरी. भूगोलाचे सर रस्त्यात भेटले, त्यांनी मान वळवली. आयुष्यात इतका सुखी मी क्वचितच झालो असेन, आणि हे लिहायला मला जड जातंय, कारण ते सुख अगदी खरं होतं.

घरी दुपारी बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. डाळ निवडत ऐकत होती.

“म्हणजे प्रश्न सगळ्यांचाच गेला?”

“सगळ्यांचाच.”

“मग ज्यांनी अठरा लिहिलं होतं त्यांचा गुण कमी होणार.”

“होणारच ना. चूकच होतं ते.”

“तुमच्या वर्गात होतं कोणी तसं?”

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच धरून बसलो. “एक ताई.”

“त्या बेचाळीस वर्षांच्या? एका प्रश्नाने बसतायत म्हणून सांगत होतात, त्या?”

तिने डाळीतला एक खडा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मी बाहेर जाऊन ताईंना फोन लावला. तीनदा लावला. नंतर एक संदेश आला. “ऑफिसमध्ये आहे, सर.”

मग मी जे केलं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. निकाल लागेपर्यंत मी प्रार्थना केली. देवावर माझा विश्वास नाही, हे मी वर्गात युरोपातली धर्मयुद्धं शिकवताना दरवेळी सांगतो. तरी रोज सकाळी आंघोळ करताना मी मनात म्हणायचो की ताईंचं मोजणं चुकलेलं असू दे, एकदोन गुण जास्तच असू देत. मी इतिहासात एवढ्या लढाया वाचल्या, एवढे राजे वाचले. लाखो माणसं मारून झाल्यावर, हे असं होईल ठाऊक नव्हतं, असं म्हणणारे कितीतरी. त्यांना मी वर्गात हसत आलो. आता आंघोळीच्या बादलीसमोर मी त्यांचंच वाक्य म्हणत होतो, आणि माझ्याकडे त्यांच्यासारखं साम्राज्यही नव्हतं. एकच माणूस होतं, तेही माझ्या विश्वासावर रोज ऑफिसातून थेट येऊन मागच्या बाकावर बसणारं.

ताईंचं मोजणं बरोबर होतं. चौदा वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या बाई, त्यांचं कशाला चुकेल. यादीत त्यांचं नाव नव्हतं. ज्याच्या लॉगिनवरून हरकत गेली होती त्या मुलाचं होतं. तो पेढे घेऊन घरी आला, वाकून पाया पडला. “सर, तुमच्या हरकतीने तारलं.” नेमणूक कुठे मिळाली विचारलं. त्याने ताईंच्याच कार्यालयाचं नाव सांगितलं. टेबलही त्यांचंच. “ताईच शिकवतायत सगळं. फार चांगल्या आहेत.” पेढा माझ्या टाळूला चिकटला.

मालकांनी चौकात मोठा फलक लावला. निवड झालेल्या मुलांचे फोटो, आणि वरच्या कोपऱ्यात मी. खाली ‘हरकत मान्य’ असं लाल अक्षरांत. माझा चेहरा त्या मुलाच्या चेहऱ्याच्या दुप्पट होता. ताईंची बस त्याच चौकातून जाते. मी मालकांना म्हटलं, हा काढा. ते म्हणाले, “आयुष्यात पहिली हरकत लागलीय, आता लाजता काय?”

महिनाभर मी ताईंकडे जाणं टाळलं. कारणं सापडत होती. पेपर तपासायचे, मुलीची फी भरायची, पाऊस. ताईंना त्रेचाळीस पूर्ण झाली असतील हे मला मोबाइलमधल्या प्रवेशअर्जावरून कळत होतं, तेही मी दोनदा उघडून पाहिलं. शेवटी एका दुपारी त्यांच्या कार्यालयात गेलो.

ताई आपल्या जागी होत्या. तो मुलगा शेजारी स्टूल टाकून बसला होता, पुढ्यात जाडजूड आवक रजिस्टर. मला बघून तो धडपडत उठला, “सर, बसा, बसा,” म्हणत स्टूल पुढे केलं. ताईंनी मान वर केली.

“या सर. एवढं टपाल संपवते, मग बोलू.” आणि मुलाला म्हणाल्या, “तारीख आधी टाकायची. पत्रावरची नाही, आपल्याकडे आली ती.”

“दोन्ही टाकल्या तर, ताई?”

“मग साहेब तुलाच बोलावतील, ह्यातली खरी कुठली म्हणून. एकच टाक आणि पुढे हो.”

मुलगा जीभ बाहेर काढून लिहीत होता. ताई त्याच्या आकड्यांवर लक्ष ठेवून होत्या. एकदा त्यांनी त्याचा हात धरून ओळ नीट करून दिली. मला वाटलं होतं त्या चिडलेल्या असतील, निदान रडलेल्या तरी दिसतील. त्या कामात होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला सह्यांची फाइल घेऊन साहेबांकडे पाठवलं.

“ताई, माझं चुकलं.”

“तुमचं कुठे चुकलं, सर? तुमचं बरोबर निघालं.”

“माझ्या लक्षात आलं नाही.”

“मी सांगितलं होतं तुम्हाला. टेबलाशी येऊन.”

मी खाली बघितलं. त्यांनी पत्रांचा गठ्ठा सारखा केला, शिक्का मारायला सुरुवात केली.

“आदेश कधीपर्यंत आहे?”

“महिनाअखेर. त्याला सगळं यायला लागलं तर साहेब आधीही सोडतील म्हणतात. पोरगा हुशार आहे, लवकर येईल त्याला.”

“आणि पुढे?”

“बघू. चुलते म्हणाले गावाकडे पॅकिंगच्या शेडमध्ये बायका लागतात. द्राक्षांच्या.” शिक्का पुन्हा शाईवर दाबला. “चुलते तुमची आठवण काढत होते. फोटो चांगला आला का विचारत होते.”

तिथे मी उठून जायला हवं होतं. पण माझ्या पिशवीत कागद होते. आदल्या दिवशी मी तयारी केली होती, आणि केलेली तयारी दाखवल्याशिवाय मला कुठूनच निघता येत नाही.

“ताई, आपण ह्याविरुद्ध दाद मागू. न्यायाधिकरणात. अर्ज मी लिहून देतो, अगदी मुद्देसूद. मी सगळं पुन्हा वाचलं. शस्त्रसंधीचा मुद्दा उलटाही मांडता येतो. प्रत्यक्ष लढाई अठरामध्ये थांबली, जगभर तेच साल धरतात. अठरा हेच बरोबर, असं सिद्ध करता येईल. तो दगड नंतर बसवलाय, त्यामुळे त्यावरचं साल ग्राह्य धरायचं कारण नाही. तीन पानं झालीसुद्धा.”

मी कागद काढून टेबलावर ठेवले. ताईंनी ते हातात घेतले नाहीत. शिक्का बाजूला ठेवला, शाईच्या डबीला झाकण लावलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

“सर,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढंही जमलं नाही तुम्हाला. अजूनही जमत नाहीये.”